समजूतदार पार्टी

"बसा ताई, च्या सांगतो," म्हणत आवळे मामांनी फडक्याने स्टूल पुसून पुढे सरकवलं, आणि मी उभ्या उभ्याच म्हणाले, "नको मामा. आज चहा नको."

मामांचा फडका स्टुलावरच थांबला. मागे भट्टी थंड होती. साच्याच्या वाळूचा ढीग एका कडेला तसाच पडला होता आणि दोन कामगार दाराशी तंबाखू मळत बसले होते. अकरा वर्षं मी उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये येत होते आणि अकरा वर्षं तिथला आल्याचा चहा पीत होते. मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे आज तुम्ही वसुलीला आलासा," ते म्हणाले.

"तसंच समजा."

"पर माझं कुठं काय थकलंय?"

काहीच थकलं नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

वसुलीला गेलं की समोरच्याचा चहा घ्यायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. मला तो मिरजकर साहेबांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दिला होता. "चहा पोटात गेला की आवाज चढत नाही," ते म्हणायचे. मी शार्वरी मेटल्सच्या कोल्हापूर शाखेत असिस्टंट क्रेडिट मॅनेजर होते. आम्ही फाउंड्रीवाल्यांना पिग आयर्न, म्हणजे ओतायचं कच्चं लोखंड, आणि भट्टीचा कोक उधारीवर द्यायचो. कुणाला किती उधार द्यायचं हे मिरजकर साहेब ठरवायचे आणि दिलेल्याचे पैसे मी आणायची. बाई माणूस वसुलीला येते म्हणून सुरुवातीला शिरोलीपर्यंत लोक हसायचे. पुढे हसायचे बंद झाले.

ज्याची बाकी थकलेली नाही त्याच्याकडे चहा घ्यायला मुभा होती. आवळे मामांकडे मी हक्काने घ्यायची. म्हणूनच 'नको' म्हटल्यावर त्यांना पुढचं कळलं.

"सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. वाहनांचे कारखाने महिन्यातून निम्मे दिवस बंद, कास्टिंगला मागणी नाही, वरून हुकूम आलेला. पुढच्या महिन्यात द्यायचे पैसे आजच हवेत, आणि इथून पुढे माल रोखीनेच. बोलताना मी भट्टीकडे बघत होते.

"रणधीर दादाला बी असंच सांगून आलासा का?" मामांनी विचारलं.

रणधीर दादा म्हणजे यशोधन कास्टिंग्जचे मालक. आमच्या शाखेची निम्म्याहून जास्त उधारी त्यांच्या एकट्याकडे अडकलेली होती.

"बोला की, ताई."

"नाही. त्यांना नाही सांगितलं."

"त्यांचं तर वरीस झालं थकून. समद्या उद्यमनगरला ठावं हाय."

"हो."

"मग मी बी थकवायला पायजे हुतं म्हणा की. येळेवर देत ऱ्हायलो हीच माझी चूक न्हवं?"

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते टेबलापाशी गेले, चष्मा लावला आणि सावकाश चेक लिहिला. घडी न घालता माझ्या हातात दिला.

"तुमच्या सायबाला सांगा, आवळेनं दिलं. आता हे दोघं उद्यापास्नं घरी बसतील, तेबी सांगा," दाराशी बसलेल्या कामगारांकडे बोट करून ते म्हणाले.

त्यांनी तो चेक द्यायलाच नको होता. माझ्या तोंडावर फेकून मारायला हवा होता, निदान महिनाभर मला चकरा मारायला लावायला हव्या होत्या. पण ते तसले नव्हते आणि तेवढ्यासाठीच तर मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. शाहूपुरीतल्या ऑफिसपर्यंत मी स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. रागाने माझे कान तापले होते.

चेक मी मिरजकर साहेबांच्या टेबलावर आपटला. "हा घ्या. आणि आता यशोधनकडे कधी जाऊ ते सांगा."

साहेबांनी चेकवरची तारीख तपासली, खाली टाचणी लावली, मग माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं याच कामात घालवलेला माणूस. केस पांढरे, शर्टाची घडी कडक, कधीही न चिडणारा. पार्टीसमोर आवाज चढवायचे तोही ठरवून, आणि जिना उतरताना मला म्हणायचे, "जमलं का गं नाटक?"

"यशोधनला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आज त्याचा माल बंद केला तर उद्या तो फाटकाला कुलूप लावेल. मग आपले बुडाले सगळे."

"आणि आवळे मामांच्या फाटकाला कुलूप लागलं तर?"

"त्यांचे पैसे आले की आपल्याकडे."

"साहेब, दोन माणसं घरी बसली तिथे!"

"पद्मजा, मंदीत पैसा जिथून निघतो तिथूनच काढावा लागतो. रणधीरकडे मागून बघितलंस ना तू? काय मिळालं?"

काय मिळालं होतं ते सांगते. यशोधनला मी त्या वर्षात कितीदा गेले त्याला हिशेब नाही. गारेगार केबिन. गेल्या गेल्या काजू आणि चहा. चहा मी घेत नसे, मग रणधीर दादा स्वतःच घेत आणि मला म्हणत, "मॅडम, रागावलाय वाटतं." मग हिशेब जुळत नाही, आधी स्टेटमेंट पाठवा. स्टेटमेंट पाठवलं की अकाउंटंट रजेवर. अकाउंटंट आला की सही करणारे थोरले बंधू बाहेरगावी. थोरले आले की मागच्या मालात भेसळ होती, ते आधी लेखी मिटवा. आणि हे सगळं इतक्या गोडीने, की दाराबाहेर पडल्यावर आपणच काहीतरी उसनं मागायला आलो होतो असं वाटावं. त्यांना लाज म्हणून नव्हती. त्यांची सगळी ताकद तीच होती. आणि आमची अख्खी कंपनी त्यांना भिऊन होती, दिवाळीला मिठाईचा मोठा पुडा त्यांनाच जायचा.

"आवळे समजूतदार पार्टी आहे," साहेब म्हणाले. "समजून घेईल."

मी केबिनचं दार जोरात लावून बाहेर आले. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही.

त्याच आठवड्यात दुसरा शनिवार होता. दुसऱ्या शनिवारी दुपारी स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत गावातल्या क्रेडिट मॅनेजर मंडळींची बैठक भरायची. सिमेंटवाले, सळईवाले, रंगवाले, आमच्यासारखे पिग आयर्नवाले. एरवी एकमेकांच्या कंपन्या गिऱ्हाइकं पळवायच्या, पण आम्ही त्या खोलीत एका टेबलाभोवती बसायचो आणि कुठली पार्टी डळमळतेय ते एकमेकांना सांगायचो. ही बैठक अजून भरते. आता नव्या पोरांना चार शब्द सांगायला मलाच पुढे बसवतात, आणि दर वेळी मला तो शनिवार आठवून नव्याने संताप येतो.

त्या दिवशी पार्ट्यांचा विषयच निघाला नाही. खोलीत निम्मी तरुण मंडळी चेहरे पाडून बसली होती. दोन कंपन्यांनी आठवडाभरात माणसं कमी केली होती. म्हणून ठरलं, की आज जुन्या लोकांनी तरुणांना मार्गदर्शन करावं. अशा दिवसांत नोकरी कशी टिकवायची, पुढे काय करायचं. पहिले बोलायला उठले दस्तगीर मुल्ला. सळईच्या कंपनीत क्रेडिट मॅनेजर, मूळचे मिरजेचे, तोंडात सतत बडीशेप.

"मी काय लेक्चर देणार," ते म्हणाले. "कॉम्प्युटर शिका. रजा घेऊ नका. रजेवर गेलेल्या माणसाशिवाय काम चालतंय हे साहेबाला कळू देऊ नका. बास."

सगळे हसले. मग मिरजकर साहेब उठले. त्यांना मान होता. खोलीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच कधी ना कधी शिकवलं होतं, मलाही. ते छान बोलत. बाजारात माणसाचं नाव ही त्याची खरी ठेव, वरिष्ठांशी वाद घालू नका, कंपनीची अडचण ती आपली अडचण समजा, असं ते बोलत राहिले आणि पोरं वह्यांत लिहून घेत राहिली. शेवटी रंगाच्या कंपनीतली एक मुलगी उभी राहिली. लग्न ठरलेलं, हातात नव्या बांगड्या.

"सर, कंपनीने राजीनामा मागितला तर काय करायचं?"

"द्यायचा," साहेब म्हणाले. "हसत द्यायचा. कटुता ठेवायची नाही. चांगले दिवस आले की कंपनीला पहिली आठवण अशाच माणसाची होते."

"आणि आपले पैसे, सर? हिशेब?"

"मिळतील ना. थोडं मागेपुढे होईल. समजून घ्यायचं."

ती मुलगी खाली बसली आणि तेही लिहून घेऊ लागली. मला राहवलं नाही. "साहेब, समजून घेणाऱ्याचे पैसे कधी मिळाले हो?" मी बसल्या जागेवरून म्हणाले. "आपण इथले सगळे वसुलीवाले. पैसे कुणाला पहिले मिळतात हे आपल्याला माहीत नाही होय?"

साहेब हसले. "पद्मजा आज तापलीय," ते म्हणाले, आणि भज्यांच्या ताटल्या आल्या म्हणून सगळ्यांचीच सुटका झाली.

मुल्लांनी मला खिडकीपाशी बोलावलं. हातातली ताटली त्यांनी कठड्यावर ठेवली. भजं खाल्लं नव्हतं.

"ताई, तुम्हाला ठाऊक नाही वाटतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"सोमवारी मुंबईचा माणूस येतोय तुमच्याकडं. एक नाव कमी करायचंय शाखेतनं. तुमचं दिलंय."

"कुणी दिलंय?"

मुल्लांनी मिरजकर साहेबांकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागले. "काल मला स्वतः बोलले. मी म्हटलं, निदान तिला आधी सांगा. म्हणाले, सोमवारी कळेलच."

माझ्या घरात त्या वेळी माझाच पगार पूर्ण येत होता. माझा नवरा धनपाल शिरोलीला साच्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवायचा. त्याची फाउंड्री आठवड्यातले तीन दिवस चालायची आणि पगारही तेवढाच मिळायचा. मुलगी दहावीला, धाकटा तिसरीत. घराचा हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा. ही नोकरी गेली तर चार महिन्यांत घर जाईल, हे मला कागद-पेन्सिल न घेता कळत होतं. दुसऱ्यांच्या बाबतीत तेच तर ओळखायचं काम मी करत होते.

साहेब खाली स्कूटरला किक मारत होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"माझं नाव दिलंत?"

त्यांनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. लपवालपवी केली नाही, एवढं मात्र मानावं लागेल.

"एक द्यायचं होतं."

"आपल्या शाखेतला गायकवाड वर्षाचे सहा महिने कामावर नसतो. त्याचं का नाही दिलंत?"

"गायकवाड?" साहेबांनी मान हलवली. "तो कोर्टात गेला असता. बायकोला घेऊन ऑफिसात येऊन बसला असता. ओरडला असता. त्याला हात लावणं परवडत नाही."

"आणि मी?"

"तू समजूतदार आहेस, पद्मजा," ते म्हणाले. खरोखर मायेने म्हणाले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "तू समजून घेशील."

"आवळे मामाही समजूतदारच होते."

"तेच तर म्हणतोय मी," साहेब म्हणाले, आणि किक मारून निघून गेले.

आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी त्या रस्त्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. अकरा वर्षं मी या कंपनीची कामं वेळेवर केली. बाळंतपणाची रजासुद्धा पुरी घेतली नाही. आणि त्याचा अर्थ मिरजकर साहेबांच्या लेखी एवढाच निघाला होता, की हिच्याकडून पैसा निघतो. मला रडू आलं नाही. मला माणसं फोडून काढावीशी वाटत होती. घरी जाऊन मी धनपालला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता काय करणार?" मी म्हणाले, "रणधीर दादा करतात तेच."

सोमवारी मुंबईहून तळपदे आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, इस्त्रीचा निळा शर्ट, चेहरा असा की घरी कुणी आजारी असावं. मिरजकर साहेब बँकेत काम आहे सांगून निघून गेले आणि आम्ही दोघं त्यांच्या केबिनमध्ये बसलो.

"मॅडम, चहा सांगू?"

"मी सांगते," मी म्हणाले. "तुम्ही पाहुणे." संभाजी शिपायाला हाक मारून मी एकच चहा सांगितला, सोबत काजूची बशी. काजू मी सकाळीच घरून आणले होते.

तळपदेने चहा घेतला. मग फाइलमधून टाइप केलेला राजीनामा काढला. स्वखुशीने देत आहे, कंपनीकडे काही येणं नाही, वगैरे. "मिरजकर साहेब म्हणाले, तुम्ही समजूतदार आहात. इथे सही."

"त्यांचा गैरसमज झालाय. आणि माझा हिशेब जुळत नाही."

"कुठला हिशेब?"

"अकरा वर्षांचा. शिल्लक रजा, बोनस, ग्रॅच्युइटी. आधी स्टेटमेंट पाठवा. तपासून कळवते."

"ते होईल ना मॅडम नंतर. आधी सही झाली की प्रोसेस सुरू होईल."

"सहीचं मी एकटी ठरवत नाही. थोरले बाहेरगावी आहेत."

"थोरले?"

"आमचे मिस्टर."

आमचे मिस्टर त्या वेळी फाउंड्री बंद म्हणून घरी मेथी निवडत बसले होते.

"कधी येतील?"

"सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात फोन करून बघा."

तळपदेने कप खाली ठेवला. "मॅडम, मग कंपनीला तुम्हाला काढावं लागेल."

"काढा की. पण लेखी काढा. कारण लिहा. आणि मागच्या वर्षी सगळ्यात जास्त वसुली कुणी आणली, तेही त्याच कागदावर लिहा." माझा आवाज चढत होता तो मी मुद्दाम खाली आणला. "काजू घ्या ना. रागावलाय वाटतं."

तो तीनदा आला. दुसऱ्या वेळी स्टेटमेंट घेऊन आला, मी त्यात चुका काढल्या. चुका होत्याच. तिसऱ्या वेळी म्हणाला, दोन महिन्यांचा पगार जास्त देतो. मी म्हणाले, थोरल्यांना विचारते. रात्री झोप नव्हती. पण दिवसा मी गोड बोलायची, आणि गंमत अशी की तळपदे मला पहिल्यापेक्षा जास्त मान देऊ लागला. केबिनमध्ये मी शिरले की उठून उभा राहायचा. अकरा वर्षं काम करून ते मला कधी मिळालं नव्हतं.

चौथ्या वेळी तो आला तेव्हा त्याने मला बोलावलंच नाही. सरळ मिरजकर साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि थोड्याच वेळात फाइल बगलेत मारून निघून गेला. मी आत गेले. साहेब खुर्चीत होते. समोर रिकामा कप.

"चहा घेतलात?" मी विचारलं.

"घेतला गं. एवढ्या लांबून आलेला मुलगा. नाही कसं म्हणायचं."

"साहेब, राजीनाम्यावर सही केलीत तुम्ही?"

त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. "कुणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं. माझा पगार मोठा, एकात भागलं त्यांचं. त्याच्यावरही वरून दबाव असतो. समजून घ्यायला हवं."

"हिशेब?"

"देतील. थोडं मागेपुढे होईल म्हणाला."

मला त्यांची दया आली नाही. नंतर कधी आली असेल, पण त्या दिवशी मी चवताळले होते. तीस वर्षं ज्या माणसाने शेकडो लोकांकडून पैसे काढले, ज्याला न देणाऱ्याची प्रत्येक सबब तोंडपाठ होती, त्याने स्वतःची पाळी आल्यावर पाच मिनिटांत सही ठोकली होती. तीही चहा पिऊन! "तुम्हाला काहीच कसं कळलं नाही?" मी ओरडले. बाहेर टायपिंग थांबलं. साहेबांनी शर्टाची बाही सारखी केली आणि खणातलं सामान पिशवीत भरायला घेतलं.

त्यांची खुर्ची मला मिळाली, त्यांचा पगार नाही. पहिलं काम म्हणून मी उद्यमनगरात गेले, आवळे मामांना सांगायला की तुमची उधारी पुन्हा चालू करते. मामांची भट्टी पेटलेली होती. माल ते दुसऱ्याकडून रोखीने घेत होते.

"नको," ते म्हणाले. "आता सवय झाली." चहा त्यांनी विचारला नाही. त्यांचं बरोबरच होतं. आमच्याकडून त्यांनी पुन्हा कधी माल घेतला नाही. यशोधनच्या फाटकाला दिवाळीआधी कुलूप लागलं, इतकं जपूनसुद्धा, आणि जे बुडायचं ते सगळं बुडालं.

मिरजकर साहेब दर महिन्याला ऑफिसात यायचे. कडक शर्ट घालून, दाराजवळच्या बाकावर बसायचे. "माझं काही आलं का बघ गं," म्हणायचे. नाही म्हटलं की संभाजीचा चहा पिऊन, सगळ्यांची चौकशी करून परत जायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय असं एकदा ओघात बोलून गेले. मी मुंबईला पत्रं पाठवली, फोन केले. शेवटी तळपदे फोनवर हसत म्हणाला, "मॅडम, आधी ओरडणाऱ्यांचं मिटवू दे. मिरजकर साहेबांचं राहू दे मागे. ते समजून घेतात."

मी फोन आदळला तो त्याच्या कानात नक्की वाजला असणार. लगेच साहेबांच्या घरी फोन लावला.

"साहेब, मंगळवारी तळपदे येतोय. सकाळी ऑफिस उघडायला या. डबा घेऊन या. बाकावर नाही, तो बसतो त्या केबिनच्या दारासमोर खुर्ची टाकून बसायचं. पैसे हातात पडल्याशिवाय उठायचं नाही. संध्याकाळ झाली तरी नाही."

"अगं, बरं दिसेल का ते? मी त्याच कंपनीत..."

"बरं दिसायचं तुम्ही मला कधी शिकवलं होतं हो? लोकांच्या दारात बसवलंत ना मला? पोटात मूल असताना बसवलंत! आता स्वतः बसा!"

त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, संपलं.

मंगळवारी ते आले. हातात वसुलीला न्यायचे ती जुनी तपकिरी बॅग, तिच्यातून डब्याचं झाकण दिसत होतं. त्यांनी खुर्ची उचलून केबिनच्या दारासमोर ठेवली आणि बसले. आत माझ्या खुर्चीत तळपदे फोनवर होता; तो आला की मी बाहेरच्या माझ्या जुन्या टेबलावर बसायची. त्याने काचेतून पाहिलं, हात हलवला आणि सवयीने बेल दाबून संभाजीला काहीतरी सांगितलं. संभाजी चहा घेऊन आला. साहेबांसमोरच्या स्टुलावर त्याने कपबशी ठेवली. साहेबांचा हात बशीकडे गेला.

मी माझ्या टेबलामागे उठून उभी राहिले. सगळं ऑफिस बघत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि बशीपर्यंत गेलेला हात मागे घेऊन मांडीवरच्या बॅगेवर ठेवला.

"चहा नको," ते म्हणाले. "तळपद्यांना बाहेर बोलवा."

"साहेब, ते जरा फोनवर..." संभाजी चाचरत म्हणाला.

"बाहेर बोलवा त्याला!"

कंपनीच्या पैशासाठी चढलेला त्यांचा आवाज मी शंभरदा ऐकला होता. तो ठरवून चढवलेला असायचा. हा ठरवलेला नव्हता, मध्येच फाटला. पण काचेच्या आत ऐकू गेला. तळपदेने फोन खाली ठेवला आणि खुर्ची मागे सरकवून उठला. स्टुलावरच्या चहावर साय धरत होती.